ट्रकचं नाक उचललं, आता चाकं सरळ करा

ओहायोत ॲक्रनहून कँटनकडे जाताना इंटरस्टेट ७७ वर ताशी ६५ मैलांवर माझी टकोमा, म्हणजे टोयोटाचा पिकअप ट्रक, कुठल्याच बाजूला ओढत नव्हती, पण सरळही जात नव्हती. स्टेअरिंग हलकं, पोकळ लागत होतं. लेनमध्ये राहायला सारखं जरा इकडे, जरा तिकडे करावं लागायचं. शेजारून मोठा ट्रेलर गेला की गाडी रेघेकडे सरकायची. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपणहून मध्यावर यायचं नाही, हाताने आणावं लागायचं. चार दिवसांपूर्वी पुढची बाजू दोन इंच उचलणारं लेव्हलिंग किट बसवलं होतं आणि आदल्याच दिवशी एका दुकानातून अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून, आणली होती. पैसे दिले होते, 'सगळं ठीक' असं ऐकलं होतं, आणि हातात दिलेला कागद न वाचता ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकला होता.

तो कागद मी कँटनच्या पेट्रोल पंपावर पहिल्यांदा नीट वाचला. तेव्हाच वाचला असता तर दुकानातून बाहेरच पडले नसते. म्हणून हे सगळं लिहितेय. इथे अमेरिकेत आपल्यातले बरेच जण आता पिकअप चालवतात आणि लेव्हलिंग किट घरच्या ड्राइव्हवेवर बसवतात. यूट्यूबवर किट बसवायचे व्हिडिओ ढिगाने सापडतात. अलाइनमेंट मात्र व्हिडिओच्या शेवटच्या वाक्यात उरकलेली असते: 'आता अलाइनमेंट करून घ्या.' काय करून घ्यायचं, कशावरून कळायचं की झालं, हे कुणी सांगत नाही.

माझी गाडी २०१७ ची टकोमा, चार दारांची, फोर-व्हील. मी रोपवाटिकेत काम करते. हिवाळ्यात शेतातल्या गाडीवाटेवर बर्फाच्या चाकोऱ्या गोठतात आणि पुढची खालची प्लेट घासायची. पिकअप कारखान्यातून निघतो तोच नाक खाली करून. मागे ओझं टाकलं की पाटे दबतात आणि गाडी सपाट दिसते, म्हणून मागचं टोक मुद्दाम उंच ठेवलेलं असतं. लेव्हलिंग किट पुढची बाजू उचलून ती तफावत काढून टाकतं. तुम्ही मागे रोज ओझं वाहत असाल किंवा ट्रेलर ओढत असाल, तर आधी थांबून विचार करा. सपाट केलेला ट्रक ओझ्याखाली नाक वर करून पळतो, आणि मग पुढच्या चाकांवर वजन कमी पडतं.

किट बसवायच्या आधी चारही चाकांचं एक माप घ्या: चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या ओठापर्यंत. जमिनीपासून घेऊ नका, त्यात टायरची हवा आणि झीज मिसळते. माझं पुढे डावीकडे साडेएकोणीस इंच होतं, उजवीकडे पावणेवीस, आणि मागे दोन्हीकडे पावणेबावीस. डावीकडचा पाव इंच कमी म्हणजे काही मोडलेलं नाही. टकोमा चालकाच्या बाजूला किंचित झुकते, म्हणून बऱ्याच किटमध्ये त्या बाजूसाठी एक पातळ जादा चकती येते. ती लावली नाही तर दोन्ही बाजूंची उंची वेगळी राहते, आणि उंची वेगळी असताना अलाइनमेंटचे आकडे जुळवणं म्हणजे कलंडलेल्या टेबलावर तराजू मांडणं. आधी उंची, मग अलाइनमेंट.

एक गोष्ट सुरुवातीला मलाही चक्रावून गेली होती. दोन इंचांचं किट म्हणून घेतलं आणि डब्यातून निघाली जेमतेम इंचभर जाडीची चकती. फसवणूक नाही ती. स्प्रिंग आणि शॉकचं एकत्र जोडकाम लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, मध्यावर टेकलेलं असतं आणि चाक आर्मच्या टोकाला. वरून इंचभर ढकललं की टोकाला चाक साधारण दुप्पट खाली जातं.

इथूनच अलाइनमेंट बिघडते. वरचा आर्म आखूड, खालचा लांब. दोन्ही खाली झुकले की त्यांची टोकं वेगवेगळ्या वर्तुळांवर फिरतात. स्टेअरिंगने चाक वळवणारा दांडा म्हणजे टाय रॉड, त्याचं वर्तुळ तिसरंच. त्यामुळे चाक नुसतं खाली जात नाही, जाता जाता कलतं, मागेपुढे सरकतं आणि वळतं. किट कितीही महागाचं घेतलं तरी हे होणारच.

तीन शब्द नीट समजून घेतले की पुढचं सगळं सोपं.

कॅम्बर म्हणजे समोरून पाहिल्यावर चाक ओळंब्यात आहे की नाही. वरची कड बाहेर कलली तर धन, आत कलली तर ऋण. धन जास्त झालं की टायरची बाहेरची कड झिजते, ऋण जास्त झालं की आतली. आतली कड वाईट, कारण ती उभ्याने दिसत नाही.

कास्टर समजायला सायकल आठवा. पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, वरचं टोक मागे झुकलेलं असतं. हात सोडले तरी सायकल सरळ पळते, त्यात या झुकण्याचा मोठा वाटा असतो. ट्रकमध्ये चिमट्याच्या जागी वरचा आणि खालचा बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या टोकाचे सांधे. या दोघांना जोडणारी रेघ वरून मागे कललेली हवी. किट बसवल्यावर टकोमासारख्या गाडीत हा कल कमी होतो, आणि कास्टर कमी झालं की नेमकं तेच होतं जे मला ७७ वर झालं: स्टेअरिंग पोकळ, गाडी भटकी, वळणानंतर चाक परत येत नाही. कास्टरने टायर फारसा झिजत नाही, आणि म्हणूनच ते दुर्लक्षित राहतं. टायर झिजला की गिऱ्हाईक भांडायला येतं. गाडी भटकते तेव्हा गिऱ्हाईक समजतं, उंच केलेला ट्रक असाच चालत असेल.

टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची बोटं आत वळलेली की बाहेर. चालताना पाय आत टाकणारा माणूस म्हणजे टो-इन, फेंगडा चालणारा म्हणजे टो-आउट. टायर सगळ्यात भराभर खाते ती टो. आकडा अगदी बारीक दिसतो, पण करून बघा: साडेतीस इंच व्यासाच्या टायरला दोन्ही चाकांची मिळून टो एक अष्टमांश इंच चुकली, तर एका चाकाच्या वाट्याला एक सोळांश येते. तेवढ्याने प्रत्येक पुढचं चाक दर मैलाला जवळपास ११ फूट आडवं घासत जातं. रोज चाळीस मैल गाडी चालवणाऱ्याने हा गुणाकार एकदा करावा. ज्या ॲक्रनमध्ये गुडइयर ही टायर कंपनी १८९८ साली सुरू झाली तिथे राहूनही नव्या टायरांचा संच काही मला स्वस्तात मिळत नाही.

आता तो कागद.

अलाइनमेंटच्या मशीनमधून निघणाऱ्या कागदावर दोन बाजू असतात, आधीचे आकडे आणि नंतरचे. मर्यादेत असलेला आकडा हिरवा, बाहेर गेलेला लाल. माझ्या कागदावर टो आधी लाल, नंतर हिरवा. कॅम्बर डावीकडे अधिक ०.५, उजवीकडे अधिक ०.४. कास्टर डावीकडे ०.७ अंश, उजवीकडे १.१. आणि कॅम्बर-कास्टरचे हे चारही आकडे आधीच्या आणि नंतरच्या रकान्यात दशांशापर्यंत तेच. त्यांना कुणी हात लावलाच नव्हता. नुसती टो जुळवून गाडी सोडून दिली होती. इथले मेकॅनिक त्याला 'टो अँड गो' म्हणतात, आणि उंची न बदललेल्या गाडीला ते बऱ्याचदा चालूनही जातं. किट बसवलेल्या गाडीला चालत नाही.

म्हणून पहिला नियम असा: कागद हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि कागदावर आधीचा आणि नंतरचा आकडा वेगळा आहे का ते बोट ठेवून बघा. हिरवा रंगही पुरेसा नाही. मर्यादा रुंद असते. डावं चाक मर्यादेच्या खालच्या टोकाला आणि उजवं वरच्या टोकाला असेल तर दोन्ही हिरवी दिसतील आणि गाडी एका बाजूला ओढेल. कागदावर डाव्या-उजव्यातला फरक वेगळा छापलेला असतो, क्रॉस कॅम्बर आणि क्रॉस कास्टर या नावाने. तो वाचा. ज्या बाजूचं कास्टर कमी त्या बाजूला गाडी ओढते. ज्या बाजूचं कॅम्बर जास्त धन, त्या बाजूला ओढते.

कास्टर दोन्हीकडे तंतोतंत सारखं ठेवायचं असंही नाही. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. अमेरिकेत आपण उजवीकडून चालतो, म्हणून गाडी आपसूक उजवीकडे उतरू पाहते. डावीकडचं कास्टर उजवीपेक्षा पाव ते अर्धा अंश कमी ठेवलं की ते भरून निघतं. भारतात डावीकडून चालतो, तिथे हे उलट. टायरवाल्याने तुमच्या शीटवर दोन बाजूंना मुद्दाम थोडा फरक ठेवला असेल तर त्याच्याशी वाद घालू नका, तो जाणकार आहे.

मी परत त्या दुकानात गेले. उत्तर मिळालं, 'कॅम फिरत नाहीत, जाम आहेत.' कॅम म्हणजे कॅम्बर-कास्टर जुळवायचे बोल्ट. ते जाम आहेत हे त्यांना आधी माहीत होतं. सांगितलं नव्हतं. राग आला, पण कॅम जाम असणं ही त्यांची चूक नव्हती, ती ओहायोच्या मिठाची करणी. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ पाच-सहा वर्षांत काय करतं ते खाली वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही.

कॅम बोल्ट आधी तपासा

टकोमाच्या प्रत्येक लोअर आर्मला चेसिसकडे दोन बोल्ट असतात, एक पुढे, एक मागे. बोल्टच्या डोक्याला तबकडी आहे, पण बोल्ट तबकडीच्या मध्यात नाही, एका कडेला. याला कॅम म्हणायचं. बोल्ट फिरवला की तबकडी ब्रॅकेटच्या कानांवर रेटते आणि आर्म आत किंवा बाहेर सरकतो. दोन्ही कॅम सारखेच बाहेर नेले तर चाकाचा तळ बाहेर येतो, म्हणजे कॅम्बर ऋणाकडे जातं. दोन्ही आत नेले तर धनाकडे. पुढचा आत आणि मागचा बाहेर नेला की आर्मचं टोक पुढे सरकतं, म्हणजे कास्टर वाढतं. सगळी करामत या चार बोल्टांत आहे.

बोल्ट ज्या रबरी बुशमधून जातो त्याच्या पोटात लोखंडी नळी असते. पाणी आणि मीठ तिथे शिरतं, बोल्ट आणि नळी गंजून एकजीव होतात. बाहेरून काही दिसत नाही.

तपासायची पद्धत ही. गाडी चारही चाकांवर उभी असू द्या. तबकडीवर आणि ब्रॅकेटवर मिळून पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ मारा, म्हणजे मूळ जागा हरवणार नाही. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नट ढिला करा. मग लांब दांड्याच्या पान्याने बोल्टचं डोकं हळूहळू फिरवा आणि रेघेकडे लक्ष ठेवा. रेघ सरकली आणि सरकलेलीच राहिली तर कॅम मोकळा आहे. रेघ थोडी सरकली आणि पाना सोडताच परत जागेवर आली तर बोल्ट नळीला चिकटलाय आणि तुम्ही नुसतं रबर पिळताय. माझ्या पुढच्या डाव्या बोल्टने असंच केलं. पाना हाताखाली सणकन परतताना जाणवला, एखादी ओली दोरी पिळून सोडल्यासारखं. मी तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा रेघ अगदी होती तिथे. उजवीकडचे दोन मोकळे होते, डावीकडचे दोन्ही जाम.

हे किट बसवायच्या आधी करा, नंतर नाही. कॅम मोकळे नसतील तर कास्टर परत मिळवायची वाटच बंद आहे, आणि मग उंच केलेली भटकी गाडी घेऊन दुकानं शोधत फिरायचं.

जाम बोल्ट हातोड्याने ठोकून निघत नाही. डोकं बसेल, आटे मरतील, बोल्ट तिथेच. आधी आच देऊन बघतात लोक, पण आच दिली की रबर जळतं. शेवटी कापावंच लागतं: बुशच्या दोन्ही अंगांना, बुश आणि ब्रॅकेटच्या मधल्या फटीत करवतीचं पातं घालून. एका बोल्टला दोन काप. बुश वाचत नाही, त्यामुळे नवे बुश दाबून बसवा किंवा बुशसकट नवा आर्मच घ्या. मी डावीकडे नवा आर्म घेतला, कारण जुन्याचा बॉल जॉइंटही म्हातारा झाला होता. कापायचं काम मी केलं नाही. एका छोट्या गॅरेजमधल्या मेकॅनिकने केलं, त्याला एका बाजूला दोन तास लागले. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जाऊ नका, जॅक स्टँड लावल्याशिवाय हातही घालू नका.

नवे बोल्ट बसवताना गुळगुळीत दांड्यावर, जिथे तो नळीतून जातो तिथे, अँटी-सीझचा, म्हणजे गंजून चिकटू न देणाऱ्या लेपाचा, थर द्या. आट्यांवर नको, तिथे लावलं तर तेवढ्याच जोरात नट जास्त आवळला जातो. उजवीकडचे दोन मोकळे बोल्टही मी काढून, पुसून, लेप देऊन परत घातले.

दुकानात काय सांगायचं

किट बसवल्या-बसवल्या त्याच दिवशी जाऊ नका. थोडे दिवस, शंभरेक मैल गाडी चालवा, म्हणजे स्प्रिंग आणि जोड आपापल्या जागी बसतात. मात्र टो फारच बिघडली असेल, स्टेअरिंगचं चाक वाकडं उभं राहत असेल किंवा टायर किंचाळत असतील, तर शंभर मैलही नकोत. त्याचा घरगुती उपाय पुढे देते.

जाताना गाडी रोज जशी असते तशीच न्या. माझ्या मागच्या हौद्यात हत्यारांची पेटी कायम असते, ती मी काढली नाही. टाकी निम्म्याहून जास्त भरलेली होती. चारही टायरची हवा सकाळी थंड असताना दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरली. हवा कमी-जास्त असेल तर मशीन खोटे आकडे खऱ्यासारखे छापतं.

काउंटरवर नुसतं 'अलाइनमेंट करायची आहे' म्हणू नका. हे सांगा: पुढे दोन इंचांचं किट बसवलंय, कास्टर वाढवून हवंय, कॅम मोकळे आहेत आणि मी स्वतः तपासलेत, आधीचा-नंतरचा छापील कागद हवा. शेवटी विचारा, लिफ्ट केलेल्या गाडीचं काम करता का. काही दुकानं करत नाहीत. तसं सरळ सांगणारं दुकान चांगलं, पुढे चला.

कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी मागचा ॲक्सल सरळ आहे का, म्हणजे थ्रस्ट अँगल. पाट्यांवरचा मागचा ॲक्सल अलाइनमेंटमध्ये हलवता येत नाही, पण तो वाकडा असेल तर पाट्याची मधली पिन किंवा यू-बोल्ट बघावे लागतात. मग कास्टर आणि कॅम्बर, दोन्ही एकमेकांत अडकलेले, म्हणून थोडं हे थोडं ते. टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम हलवला की टो हलतेच. टो लावताना स्टेअरिंगचं चाक मध्यावर बांधून ठेवलेलं हवं. कास्टर मोजायला मशीन चाकं डावीकडे-उजवीकडे वळवायला लावतं. दुकानाच्या काचेतून बघत असाल आणि गाडी रॅकवर चढल्यापासून उतरेपर्यंत चाकं एकदाही दोन्ही बाजूंना वळली नाहीत, तर कास्टर मोजलं गेलंच नाही.

दुसऱ्या दुकानात माझा आकडा आला तो असा: कास्टर डावीकडे २.४, उजवीकडे २.७. कॅम्बर डावीकडे शून्य, उजवीकडे उणे ०.१. एकूण टो ०.१० अंश आत. हे आकडे तुमच्या गाडीसाठी नाहीत, गाडी, साल आणि टायरप्रमाणे ते बदलतात. तुम्ही फक्त बघायचं की कास्टर दोन्हीकडे वर गेलं, दोन बाजूंतला फरक थोडाच राहिला, आणि कॅम्बर शून्याच्या जवळ आलं.

मेकॅनिकने बाहेर येऊन सांगितलं की कॅम जवळजवळ शेवटपर्यंत न्यावे लागले. दोन इंचांना ही मर्यादा गाठली, तर तीन इंचांना मूळ वरच्या आर्मने भागत नाही हे उघड आहे. मग बाहेरचे अप्पर आर्म घ्यावे लागतात, त्यांची रचनाच वरचा बॉल जॉइंट मागे नेण्याची असते. अडीच-तीन इंचांचं किट घेत असाल तर त्या आर्मचे पैसे पहिल्या दिवशीच हिशेबात धरा. मोठे टायर घालणार असाल तर हेही ध्यानात ठेवा की कॅमने कास्टर वाढवलं की चाक पुढे सरकतं आणि पूर्ण वळल्यावर टायर पुढच्या बंपरला किंवा प्लॅस्टिकच्या अस्तराला घासू शकतो. बाहेर पडायच्या आधी पार्किंगमध्येच दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ऐका. त्याच वेळी ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, ते खाली वाकून बघा.

वर जे सांगितलं ते आर्म आणि कॉइलच्या गाडीचं. पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा, असलेल्या ट्रकमध्ये किट चकती घालत नाही, त्या दांड्याला धरणारा 'की' नावाचा भाग बदलतं, पण अलाइनमेंटचं म्हणणं तेच. फोर्ड सुपर ड्यूटी किंवा रॅम २५०० सारख्या, पुढेही अखंड ॲक्सल असलेल्या फोर-व्हील गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे कास्टर-कॅम्बर जुळवायची पद्धत निराळी, गाडीप्रमाणे बॉल जॉइंटचे तिरकस स्लीव्ह किंवा वेगळे आर्म लागू शकतात. शिवाय गाडी उचलली की ट्रॅक बार, म्हणजे ॲक्सलला चेसिसशी आडवा धरणारा दांडा, ॲक्सलला एका बाजूला ओढतो. तुमची गाडी तसली असेल तर तिच्याच माणसाकडे जा.

खडू आणि टेप

माझे बाबा कराडला हायवेलगत टायरचं दुकान चालवायचे. मशीन नव्हतं. टेम्पोची टो ते खडूने आणि टेपने बघायचे. परवा फोनवर मी सगळं सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "अगं, पण तू घरी माप घेऊन गेली होतीस का?" नव्हते गेले. दुसऱ्यांदा घेऊन गेले.

पुढचं एक चाक जॅकवर जेमतेम जमिनीवरून सुटेल एवढं उचला, मागच्या चाकांना दगडाची किंवा लाकडाची ओट लावून. टायरच्या मध्यावर खडू टेकवून चाक फिरवा, सगळीकडे पांढरा पट्टा येईल. मग एका ठोकळ्याला खिळा ठोकून तो जमिनीवर घट्ट धरा आणि चाक फिरवा. खडूच्या पट्ट्यात एक बारीक रेघ उमटते. दुसऱ्या चाकालाही तसंच. गाडी खाली घ्या, बंपर दोन-तीनदा दाबा, मग गाडी दहा-बारा फूट सरळ पुढे ढकला. मागे घेऊ नका, उलटी गेली की जोड उलटीकडे ताणले जातात. आता रेघेपासून रेघेपर्यंत टायरच्या पुढच्या अंगाला माप घ्या आणि मागच्या अंगाला. मागे इंजिनखालची प्लेट मध्ये येते, तेव्हा टेप थोडा खाली धरा, पण पुढे-मागे एकाच उंचीवर. टेप धरायला दुसरा माणूस हवाच. मागचं माप पुढच्यापेक्षा जास्त असेल तेवढी टो-इन. फरक एक सोळांश इंचाच्या आसपास असेल तर दुकानापर्यंत बिनधास्त जा.

फरक पाव-अर्धा इंच असेल तर टाय रॉडचा लॉक नट सोडवा, बाहेरचं टोक पान्याने धरून ठेवा म्हणजे बॉल जॉइंट पिळणार नाही, आणि रॉड फिरवा. दोन्ही बाजूंना सारखेच वेढे. एकाच बाजूला फिरवलं तर टो जुळेल, पण स्टेअरिंगचं चाक तिरकं बसेल. पाव वेढा, परत माप, परत पाव वेढा. हे तात्पुरतं. खडूने कास्टर मोजता येत नाही.

घरी आल्यावर

मोकळ्या सरळ रस्त्यावर चाचणी घ्या. एकदा मधल्या लेनमधून, एकदा कडेच्या, म्हणजे रस्त्याचा उतार आणि गाडीचं ओढणं यांतला फरक कळेल. स्टेअरिंगचं चाक सरळ आहे का, वळणातून आपणहून परत येतं का. माझं आलं. हात सैल सोडले तसं चाक बोटांतून सरकत मध्यावर आलं, आणि मी ते पुन्हा अनुभवायला एक एक्झिट जास्त पुढे गेले.

गाडी घसरू नये म्हणून जी यंत्रणा असते ती स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सर वाचते. अलाइनमेंटनंतर त्याचा शून्य परत ठरवावा लागतो. डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा लागला तर दुकानाला स्कॅनर लावायला सांगा. नव्या टकोमांत, २०१८ पासून, पुढे रडार आणि काचेमागे कॅमेरा असतो. नाक वर गेलं की त्यांची नजरही वर जाते, त्याबद्दल आधी विचारून घ्या.

चाकांचे नट पन्नास-शंभर मैलांनी टॉर्क पान्याने परत बघा. टकोमाच्या मूळ ॲलॉय चाकांना ८३ फूट-पाउंड. दर महिन्याला पुढच्या टायरवर तळहात फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखं लागलं तर टो सरकलीय. बाहेरून आत जाताना मऊ आणि आतून बाहेर येताना बोचरं म्हणजे टो-इन जास्त, उलट असेल तर टो-आउट. डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी हाताला कळतं. पाचशे मैलांनी मडगार्डची उंचीही परत मोजा. ती पाव इंचाहून जास्त खाली आली असेल तर अलाइनमेंट पुन्हा तपासून घ्या.

आणि हेडलाइट. हे जवळजवळ सगळेच विसरतात आणि त्रास समोरून येणाऱ्याला होतो. माझ्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १२७ इंच आहे. पुढे दोन इंच उचललं म्हणजे गाडी ०.९ अंश मागे कलली. पंचवीस फुटांवर प्रकाशाची वरची कड साधारण सात इंच वर जाते, आणि दोनशे फुटांवर ती थेट समोरच्या गाडीच्या आरशात. म्हणून किट बसवायच्या आधीच संध्याकाळी सपाट जागी गॅरेजच्या दारापासून २५ फुटांवर गाडी उभी करा आणि प्रकाशाच्या वरच्या कडेवर दारावर चिकटपट्टी लावून ठेवा. हेडलाइटच्या काचेच्या मध्यबिंदूची जमिनीपासूनची उंचीही लिहून ठेवा. किट आणि अलाइनमेंट दोन्ही झाल्यावर गाडी त्याच जागी आणा. दिवा जेवढा वर गेला, माझा सव्वादोन इंच, तेवढीच पट्टी वर सरकवा. मग बॉनेट उघडून हेडलाइटच्या मागचा स्क्रू फिरवत प्रकाशाची कड त्या नव्या पट्टीवर उतरवा. आधी एक दिवा कापडाने झाका, दुसरा जुळवा, मग उलट. मला दोन्ही मिळून वीस मिनिटं लागली.